गाडी चार्ज होऊन राहिली

३० मार्च, पाडवा
इलेक्ट्रिक कार घरी आली. पेट्रोल पंपाकडे आता बघणारसुद्धा नाही. भावनाने विचारलं, तिसऱ्या मजल्यावर राहतो, चार्ज कुठं करणार? बायकोला नेहमी निगेटिव्ह बाजू आधी दिसते. सोय होईल.
सासऱ्यांना खाप्याला फोन केला. नानाजी, २४ एप्रिलला नागपूरला तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मी स्वतः न्यायला येतो, एसीत बसून चला. ते म्हणाले, "काहून त्रास करता जावईबापू, मी बसनं येतो ना." बसने! मी सक्त नाही म्हटलं.

२ एप्रिल
सोसायटीचे सेक्रेटरी चिकाटे यांना पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागितला. म्हणाले, "आज तुमाले देलं तर उद्या सारे मांगतील." कोणाकडेच इलेक्ट्रिक गाडी नाही, मग सारे म्हणजे कोण? विषय मीटिंगमध्ये घेणार आहेत. मीटिंग दिवाळीनंतर. म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा.

३ एप्रिल, संध्याकाळ
तात्पुरती सोय केली. खिडकीतून वायर खाली सोडली. कूलर लावला की मेन स्विच पडतो. भावना म्हणाली, "कूलर का गाडी, एक सांगा." नागपूरचा एप्रिल आहे. कूलर.

९ एप्रिल
धरमपेठेतल्या चार्जिंग स्टेशनवर गेलो. अॅपवर 'उपलब्ध'. प्रत्यक्षात एक मशीन बंद, दुसऱ्यावर टॅक्सी. टॅक्सीवाला आत झोपलेला. उठवणं बरं दिसेना. वाट बघताना भरपूर वाचन करायचं ठरवलं. रसवंतीत जाऊन बसलो.

१८ एप्रिल
एसी बंद ठेवला की रेंज वाढते! शोध माझाच. काचाही बंद ठेवाव्या लागतात, वाऱ्याने बॅटरी खर्च होते. भावना ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसली होती. पटलं असावं.

२३ एप्रिल, खापा
दोघे मुक्कामाला आलो. स्टेशनवर आजही रांग होती, म्हणून थोड्याच चार्जवर निघालो. काळजी नाही, नानाजींच्या अंगणात प्लग आहे. रात्रभरात फुल होईल. भावना म्हणाली, वादळाचं वातावरण आहे. हवामान खात्यापेक्षा हिला जास्त कळतं.

२४ एप्रिल
वादळ आलं. रात्रभर लाईन नव्हती.
सकाळी नानाजी नवा सदरा घालून तयार. नागपूरपर्यंत चार्ज पुरत नव्हता. अॅपने कळमेश्वरला चार्जर दाखवला, म्हणून तिकडून निघालो. कळमेश्वरच्या अलीकडेच गाडी थांबली. मी नानाजींना म्हटलं, बघा, थांबतानाही आवाज नाही.
भावनाने हात करून बस थांबवली आणि त्यांना घेऊन गेली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत नंबर गेला होता. पुढची तारीख जूनमध्ये.
फोनवर मी सॉरी म्हणालो. नानाजी अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "भावना म्हणते गाडी लई सुंदर हाय. मले काही दिसून नाही राहिली."

२५ एप्रिल
गाडी टेम्पोवर चढवून खाप्याला पोचवली. तिथे प्लग तरी आहे. भावनाही नानाजींना घेऊन परत गेली आणि तिथेच थांबली आहे, वडिलांना नीट दिसत नाही म्हणून. तात्पुरती व्यवस्था.

२ मे
भावनाला फोन केला. गाडी फुल चार्ज आहे. दुपारी नानाजी एसी लावून तिच्यात झोपतात. मी विचारलं, परत कधी येतेस? म्हणाली, जूनमध्ये, नानाजींना घेऊन, बसने. गाडीने येते म्हणाली नाही, मीही आठवण करून दिली नाही.

५ मे
आज ऑफिसला ई-रिक्षाने गेलो. मागे जागा नव्हती, ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसलो. त्याला सांगितलं, मी पूर्णपणे इलेक्ट्रिकवर शिफ्ट झालो आहे.
म्हणाला, "सरका थोडं, ब्रेक लागून नाही राहिला."