सातवा प्रश्न

३ नोव्हेंबर

आज अकरा गोठे. डेअरीचा सर्व्हे, मी व्हॉलंटिअर. सातवा प्रश्न इतका सिम्पल आहे – गाय खोकते का? अकराही जण म्हणाले, नाही. त्यातल्या एकाची गाय चक्क माझ्या फॉर्मवर खोकली. तो म्हणतो, "तिला नवीन माणूस आवडत नाही."

५ नोव्हेंबर

कोंबड्या सगळीकडे! गव्हाणीवर बसतात, चाऱ्यातच घाण करतात, गाय तोच चारा खाते. मी पोस्टर दाखवून समजावलं – पक्ष्यांकडून गायीला श्वासाचा आजार लागू शकतो, कोंबड्या वेगळ्या ठेवा. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "मग गायीच्या अंगावरचे गोचीड कोण खाणार? तू?" सगळे हसले. डोकंच फिरलं माझं.

६ नोव्हेंबर

पोस्टर सापडलं. आजोबांच्या खुराड्याला, वारा अडवायला. छापील बाजू आत.

९ नोव्हेंबर

आज कळलं सगळे 'नाही' का म्हणतात. डेअरीत कॅन धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "फॉर्मवर डेअरीचा शिक्का आहे ना, बाळा. गेल्या वर्षी एकानं खरं सांगितलं. त्याचा कॅन गेटवरूनच परत." अरे, पण डॉक्टरांचा रिपोर्ट येईपर्यंतच दूध थांबवतात ना! थोडे दिवस कळ काढायची. बाकीच्यांच्या गायी वाचतात. लोक एवढे सेल्फिश कसे?

सर्व्हे बघणाऱ्या सरांना म्हटलं, शिक्का काढू या. ते म्हणाले, "शिक्का काढला तर तुला गोठ्यात कोण घेईल?"

१२ नोव्हेंबर

चाळीस फॉर्म, चाळीस 'नाही'. वैताग. राहिलं फक्त आमचं घर. निदान एक फॉर्म तरी खरा असेल.

१३ नोव्हेंबर

काकूच्या गोठ्यात गेले. मी तिच्याकडेच राहते, तिच्या एका गायीच्या दुधावर घर आणि माझं कॉलेज दोन्ही चालतं. कोंबड्या गव्हाणीवर – रोज बघते, आज दिसल्या. मी फॉर्म काढला आणि आमची काळी गाय खोकली. मग परत.

"कधीपासून गं?"

"झाले चार दिवस." काकू शेण ओढत राहिली. "तुला काय लिहायचं ते लिही. मी काही म्हणणार नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

फॉर्म जमा केले. एकेचाळीस 'नाही'. शेवटच्यावर उत्तर देणाऱ्याची सही माझी आहे. काकूला करू दिली नाही.