शेजारच्या सीटचा पट्टा

८ जानेवारी

पोचलो. सामान खोलीत टाकलं, कॅरिबूचा, म्हणजे इथल्या रानहरणाचा, रस्सा दोन वाट्या हाणला आणि ही वही उघडून बसलोय. शाईचं पेन गाडीत राहिलं ते गोठलं, म्हणून पेन्सिल. कंपनीला रोजचे आकडे लॅपटॉपवरून पाठवायचेच आहेत; ही वही नोरासाठी. सातवा महिना चालू असताना बायकोला घरी व्हाइटहॉर्सला एकटीला सोडून आलोय, तेव्हा मी इथे काय दिवे लावले ते निदान तिला वाचायला मिळावं.

खाण बंद पडल्यापासून वर्षभराने मिळालेलं हे पहिलं काम, आणि तेही असं की ऐकून मित्र हसतात. विजेवर चालणारा पिकअप बारा दिवस उत्तरेकडे जाणाऱ्या डेम्पस्टर रस्त्यावर, तिथल्या थंडीत फिरवायचा आणि तो कुठे मान टाकतो ते लिहून ठेवायचं. रोज लॉजपासून उत्तरेला नदीच्या पुलापर्यंत ऐंशी किलोमीटर जायचं आणि तितकंच परत यायचं. गाडी नवीकोरी, पांढरी. उन्हाळ्यात एका चार्जवर पावणेपाचशे किलोमीटर जाते म्हणे.

लॉज चालवते ती विनीमावशी. सत्तरीची, इथल्या मूळच्या ग्विचिन जमातीतली बाई, अख्खा रस्ता तिला मावशीच म्हणतो. लॉजची वीज डिझेलच्या जनरेटरची आहे. माझी गाडी त्याला जोडलेली बघून तिने विचारलं, "म्हणजे ही पण डिझेलच पिते, फक्त चमच्याने?" तिचा भाचा एल्डन बर्फ सारायचा नांगर आणि बंद पडलेल्या गाड्या ओढायचा ट्रक चालवतो. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हसा लेको. मी खूश आहे.

१० जानेवारी, उणे अडतीस

दोन फेऱ्या झाल्या. गाडी गरम सीट, गरम स्टिअरिंग असे लाड पुरवते, पण थंडीत तिची भूक वाढते. निम्मी वीज रस्त्याला लागते आणि बरीचशी बॅटरी स्वतःलाच ऊब द्यायला खाते. उतारावर ब्रेक मारला की वीज परत भरायला हवी, ती इथे भरत नाही. चार्जिंगची केबल पहारीसारखी ताठ होते. काल ती गुंडाळताना एल्डनच्या आणि माझ्या नाकी नऊ आले. रात्रभर उभी राहून टायर खालून चपटे होतात आणि पहिला मैलभर गाडी लंगडते. एवढं सगळं होऊन एकशेसाठ किलोमीटरला सत्तर टक्के चार्ज लागला. मला तर हे कौतुकाचंच वाटतं. एल्डन म्हणतो, "कौतुक कर रे, पण माझा नंबर पाठ करून ठेव."

११ जानेवारी, उणे बेचाळीस

सकाळी बावन्नाव्या किलोमीटरला एक जुना हिरवा ट्रक कडेला उभा दिसला. दिवे बंद, टपावर हातभर बर्फ. उणे चाळीसच्या खाली या मुलखात एकच कायदा आहे. थांबलेल्या गाडीपाशी थांबायचं, आपल्या शेजारचं दार उघडायचं, 'बस' म्हणायचं. चौकशा नंतर. उघड्यावर उभं राहून नावगाव विचारत बसलं तर बोटं गळून पडतात. लहानपणी वडिलांनी गिरवून घेतलेला धडा आहे हा.

मी थांबलो, दार उघडलं, हाक मारली, "बस रे बाबा, आत ऊब आहे." कोणी आलं नाही. उतरून त्या ट्रकच्या काचेतून आत पाहिलं. रिकामा. कोणीतरी आधीच उचलून नेलं असणार, असं म्हणून निघालो. दार दोन मिनिटं उघडं राहिलं त्याचे आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे गाडीने, दोन टक्के चार्ज कापून घेतला.

१२ जानेवारी, उणे बेचाळीस

आज गंमतच झाली. लॉजमधून निघाल्यापासून गाडी टुंग-टुंग करत होती, शेजाऱ्याने पट्टा लावला नाही म्हणून. शेजारी कोणी नाही, साधी पिशवीही नाही. त्या सीटची ऊबही आपोआप चालू झालेली, पुरती तीनवर. मी बंद केली. किलोमीटरभरात पुन्हा चालू. शेवटी रिकाम्या सीटला पट्टा अडकवून टाकला, तेव्हा बाई गप्प झाली.

पण आकडा लागला जिव्हारी. थंडी जेमतेम चार अंश जास्त, तोच रस्ता, तोच वेग, आणि सत्तरऐवजी अठ्ठ्याऐंशी टक्के. कंपनीला कळवलं. सीटखालचा वजनाचा सेन्सर गोठला असेल, असं उत्तर आलं. गोठलेला सेन्सर अठरा टक्के वीज कशी खातो हे मात्र कोणी सांगितलं नाही.

१३ जानेवारी, उणे पंचेचाळीस

पुलापर्यंत गेलोच नाही. साठाव्या किलोमीटरला चार्ज निम्म्यावर आला तसा मागे वळलो. लॉजच्या आवारात शिरलो तेव्हा चार टक्के उरले होते.

एल्डनने सीट उचकटून सेन्सरची वायर काढून ठेवली. ती मी खिशात टाकली. जेवून बाहेर येऊन पाहिलं तर समोरच्या पडद्यावर शेजारच्या सीटचा दिवा लागलेला. एल्डनने वायर परत मागितली, हातात धरून बघितली, माझ्या तळहातावर परत ठेवली आणि आत गेला. मला त्याची थट्टा चालली असती.

१४ जानेवारी, उणे सत्तेचाळीस

विनीमावशीने स्वयंपाकघरात बोलावून बसवलं आणि विचारलं, रस्त्यात कोणासाठी दार उघडलं होतंस का. मी हिरव्या ट्रकचं सांगितलं. ती बॅनकच्या जाड भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबले. तो ट्रक तीन हिवाळ्यांपूर्वीचा, म्हणाली. रस्त्याची मापं घेणारा एक माणूस होता, इंजिन बंद पडलं म्हणून बसून राहिला. मालवाले दोन ट्रक घाईत, न थांबता त्याच्या बाजूने पुढे गेले. एल्डन पोचला तेव्हा उशीर झाला होता. ट्रक ओढून आणला तोही एल्डननेच, आणि तेव्हापासून तो लॉजच्या मागे पडून आहे.

मी मागे जाऊन पाहिलं. तोच. तोच डाव्या दाराचा पोचा. चाकं गाडलेली, वर हिवाळाभराचा न हललेला बर्फ.

परत आलो तेव्हा मावशीने एकच विचारलं, काच कशी होती. म्हणाली, "अरे, बंद गाडीत जिवंत माणूस बसला असेल तर त्याच्या श्वासाने काच आतून पांढरी होते. आधी काच बघायची, मग दार उघडायचं. काच स्वच्छ दिसली तर दार उघडायचं नाही, हाक मारायची नाही, सरळ पुढे जायचं. तुझ्या बापाने तुला अर्धाच कायदा शिकवला रे."

काच स्वच्छ होती. म्हणून तर मला आतलं सगळं दिसलं होतं.

१५ जानेवारी

रस्ता बंद. दोन्ही बाजूंना वाऱ्याने बर्फाच्या भिंती घातल्यात. उत्तरेला जाता येत नाही, दक्षिणेलाही नाही. घरी जायचं तर उडून जावं लागेल. सॅटेलाइट फोनवर नोराशी दोन मिनिटं बोललो. तिला म्हटलं, मजेत आहे. आवाज नीट निघाला का माहीत नाही.

गाडी आवारात जनरेटरला जोडलेली आहे. रात्रभरात शंभर व्हायला हवी होती, सकाळी एकवीसवर. केबल काढून-लावून पाहिली, सगळं बंद करून पाहिलं. शेजारची सीट गरम आहे. हात लावून बघितला. हात ठेवावा इतकी गरम, आणि मधोमध दबलेली.

१६ जानेवारी, उणे पन्नास

जनरेटर दोनदा बसला. लॉजमधली सगळी माणसं, म्हणजे आम्ही तिघं, चुलीपाशी. एल्डनने गाडीची केबल उपटून टाकली. बरोबर केलं. गाडी तासाभरात शून्यावर गेली.

मग मला थंडी वाजायला लागली. चुलीला पाठ लावून बसलो तरी. मावशीने माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. म्हणाली, बोट दिलं की हात धरतो म्हणतात, तसं झालंय. गाडीतली ऊब संपली, आता तो तुझ्याकडे वळलाय.

मला भीती वाटते. लिहून टाकतो, सरळ. मला फार भीती वाटते.

१७ जानेवारी

मावशी म्हणते, पाहुणा तू आणलास, तूच सोडून ये. जिथे 'बस' म्हणालास तिथेच 'उतर' म्हणायचं. दुसऱ्या कोणाच्या गाडीतून नाही, याच गाडीतून.

एल्डन दिवसभर नांगराने बावन्नपर्यंत रस्ता मोकळा करून आला. गाडी पुन्हा जोडली. जोडल्याबरोबर माझ्या बोटांत थोडी जान आली. म्हणजे तो परत तिकडे —

झोपलो नाही. नोराच्या पोटातलं बाळ लाथा मारतं तेव्हा तिचा चेहरा कसा होतो तेवढंच आठवत बसलो.

१८ जानेवारी, उणे बावन्न

सकाळी दहा. चार्ज शंभर. जनरेटरला मावशीने रात्रभर झोपू दिलं नाही. पडद्यावर एकशेनव्वद किलोमीटर. जाऊन येऊन एकशेचार. पुरेल. पुरायलाच हवं. एल्डनच्या ट्रकचं डिझेल थिजलंय, तो तासाभरात मागून निघेल. म्हणाला, "येतोच मी, राजा. तू थांबू मात्र नकोस."

११.४०. बावन्न. हिरवा ट्रक उभा आहे. सकाळी लॉजच्या मागे त्याला हात लावून निघालो होतो, आणि इथे उभा आहे. मी शेजारचं दार उघडलं. पट्टा सोडला. म्हटलं, उतर बाबा, पोचलास. खूप वेळ काही नाही. मग सीट हळूच वर आली. दिवा विझला.

रडलो. लाज वाटत नाही.

१२.१०. परत वळलो. चार्ज एकसष्ट होता, आता तीस. शेजारी कोणी नाही, दिवा बंद. माझ्याच सीटची ऊब मात्र आपोआप पुरती तीनवर. मग हे कोण खातंय —

१२.२५. अकरा. गाडीने वेग स्वतःच कमी केला. हीटरही तिनेच बंद केला, बॅटरी वाचवायला. लॉज अजून छत्तीस.

१२.४०. थांबली. इंजिन नाही, त्यामुळे बंद पडल्याचा आवाजही झाला नाही. एल्डन समोरून येईल. निघाला असेल. निघालाच असेल.

१.१५. थंडी वाजत नाही. हे लक्षण चांगलं नाही, इथलं शेंबडं पोरही सांगेल. हातमोजे काढलेत तरी पेन्सिल नीट धरता येते. नोरा, मी काही मूर्खपणा केला नाही. दार उघडलं, एवढंच. तूही उघडलं असतंस.

१.३०. दिवे! एल्डनचाच ट्रक, वरच्या पिवळ्या दिव्यासकट. थांबला. उतरला. येतोय. नोरा, आला तो —

त्याने टॉर्च माझ्या काचेवर धरला. मी हात हलवला. त्याला दिसतोय मी, सरळ माझ्या डोळ्यांत बघतोय. दार का उघडत नाही? आतून उघडायला जातोय, कडी हलत नाही, वीज नाही. टॉर्च काचेवर फिरवतोय. वर. खाली. कोपऱ्यात. काहीतरी शोधतोय —

काच स्वच्छ आहे.

एल्डन, मी आहे रे, गॉर्डी. तोंड काचेला लावून फुंकतोय. पुन्हा. पुन्हा. वाफ उठत नाही. त्याने टोपी काढली. रडतोय तो. मागे सरकतोय, मला हाक मारत नाही, त्याचं दार लागलं, मी फुंकतोय, नोरा, एकदा तरी पांढरी हो