वन्संचे तीन मासे

ता. ६ एप्रिल १९३१
वन्सं डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेस गेल्या. ह्यांच्या ह्या थोरल्या बहिणीचं घरात स्वतःचं म्हणावं असं एकच, काचेच्या बरणीतले तीन सोनेरी मासे. तेही त्यांना आजवर हलत्या ठिपक्यांसारखेच दिसले. निघताना म्हणाल्या, "इंदू, पट्टी सुटली की आधी ह्यांना बघीन. पाणी निम्मंच बदल हं, सगळं नको." देवापुढे साखर ठेवली.

ता. ११
ऊन फार. बरणी हाताला गरम लागते. मासे वर येऊन तोंडं उघडतात. तांब्याचं घंगाळ चिंचेनं लखलखीत घासलं, विहिरीचं गार पाणी भरलं, त्यात सोडले. देवाचं पाणी आपण तांब्यातच ठेवतो, त्याहून शुद्ध काय? मन निवांत.

ता. १२
सकाळी एक आडवा, तरंगत. दोघे कलंडलेले.
शेजारच्या नरसम्माला हाक मारली. तिच्या घरी सूत रंगवतात. घंगाळ बघून म्हणाली, "अक्का, तांबं उतरतंय की पाण्यात. लाल सूत आमी तांब्यात कदी बुडवत न्हाय, काळं पडतंय. देवाला चालतंय, माशाला न्हाय." स्वतःचं मातीचं परळ आणलं, कालचं निवलेलं पाणी ओतलं. दोघांना त्यात घातलं. दिवसभर नामस्मरण.

ता. १५
दोघेही पोहताहेत. केवढी दया! रोज निम्मं पाणी काढून तुळशीला घालते, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं निम्मं ओतते. परळाला ओलं फडकं.
हे म्हणाले, "पुण्याहून एक मागवू. ताईला काय कळणार?" नको म्हटलं. रोज देवापुढे बसायचं असतं.
नरसम्माला लोणचं दिलं, घेईना. "दोन वाचले, तेच लई."

ता. २४
वन्सं आल्या. डोळ्यांवर पट्टी, उद्या सुटायची. आल्या तशा माझा हात धरून परळाशी बसल्या.
"किती आहेत ग?"
"दोन. एक माझ्या हातून गेला." घंगाळाचं सगळं सांगितलं.
पाण्यात बोटं बुडवून बसल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "पाणी ऊन झालंय. फडकं भिजव."
भिजवलं. अजून मलाच सांगतात, हे उपकारच. परळ ओसरीच्या आतल्या अंगाला घेतलं, उद्या त्यांच्या डोळ्यांना एकदम उजेड नको म्हणून. पट्टी उद्या सकाळी.