तनुजाच्या लॅटिन पुस्तकांची व्यवस्था

मी, ज्योतीराम किसन गव्हाणे, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी, निवृत्त फिटर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. उशीर झाला, माफी असावी. मुलगी तनुजा असतानाच लिहायला हवे होते.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी अंबूबाईची. तिच्या पश्चात मुलगा रविराजची. तिला सही करताना कोणी घाई करू नये, ती घाबरते.

२. ड्रिल मशीन साडू भिमाजीला देणार नव्हतो. "लॅटिन म्हंजी डॉक्टरची भाषा ना? मग माझी चिठ्ठी वाच की," असे तो तनुजाला चारचौघांत म्हणाला होता. पण तिला खांदा द्यायला तोच पुढे झाला. मशीन त्याला द्यावी.

३. तनुजा गेल्या वर्षी तापाने गेली. एखादे काम कशासाठी केले हे लॅटिनमध्ये सांगायची रीत कशी बदलत गेली, यावर तिचा प्रबंध अर्धा राहिला. मला समजले ते असे. जुने लोक 'बघायला गेला' म्हणताना जाण्यायेण्यापुरते एक खास रूप वापरत. पुढे ग्रंथांत 'बघावे म्हणून गेला' अशी लांब वाक्ये मानाची झाली. शिपाई, बाजारातली माणसे मात्र नुसते 'बघणे' जोडून मोकळी होत. पंडित त्याला चूक म्हणत. "त्याच चुकीतून पुढच्या भाषा आल्या, बाबा," असे ती सांगायची. माझे अर्ज तपासताना ती कधी हसली नाही. वरचे लिहिताना काही चुकले असेल तर तो दोष माझा, तिचा नव्हे.

४. तिची पुस्तके, टिपणे आणि मी लोखंडी अँगल जोडून केलेले रॅक तिची मैत्रीण विजयश्री हिला द्यावे. रद्दीत एक कागदही जाऊ नये. हे सगळे आहे ती तनुजाची खोली रविराजला मुलांसाठी हवी आहे. त्याचेही खरे आहे.

ठिकाण : पिंपरी. दिनांक : १२ ऑगस्ट २०२४
सही : ज्योतीराम किसन गव्हाणे
साक्षीदार : रोहिदास वाघेरे (शेजारी), शालनबाई काळभोर (शेजारीण)

ता. क. विजयश्री बाळा, याची एक प्रत तुला पाठवतो आहे. रविराज संध्याकाळी त्या खोलीच्या दारात उभा राहतो. पुस्तके नेणार नसशील तरी चालेल, मी रागावणार नाही. पण काय ते लवकर कळव.