दाखला न देण्याची कारणे

तीर्थस्वरूप सौ. दैवशाला अक्कास,

धाकट्या मच्छिंद्रचा वाकून नमस्कार. (तुझे पाय तिकडे वडीगोद्रीत, आणि मी इकडे जाफराबादेकडे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून टेबलाच्याच पाया पडलो. प्रभावतीने आतून विचारलं, काय सांडलं?) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर काय म्हणते? तुझा राधेश्याम पुण्याहून फोन करतो, की नुसते नव्या गाडीचे फोटो टाकतो? आम्ही सगळे ठीक आहोत. म्हैस व्याली, बोअर आटलं, म्हणजे जमा-खर्च सारखाच. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्या मिनिटाला ‘जेवला का’ विचारतेस आणि दुसऱ्या मिनिटाला ‘ठेव मंग’ म्हणतेस. मला जे सांगायचंय ते या दोन मिनिटांच्या मध्ये बसत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दाजींकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचता येतं, फक्त वेळ लागतो. आणि वेळ लागण्यावरून मी कुणाला बोलावं?

कारण माझी कीर्ती तुला माहीत आहेच. आपल्या गावच्या शाळेत कारकून म्हणून मला एकोणीस वर्षं झाली आणि ‘मच्छिंद्र सरांकडं काम म्हणजे चपला नव्या घालून जा’ अशी म्हण पडली आहे. मी नाकारत नाही. काही लोकांच्या हाताला चव असते, तसा माझ्या हाताला उशीर आहे. पण आजवर जो उशीर झाला तो आपोआप झाला, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. यंदा पहिल्यांदा ठरवून, मन लावून, जीव ओतून उशीर केला. त्याचीच ही हकिगत.

पोळा झाल्यावर संपत ऑफिसात आला. संपत म्हणजे ओढ्यापलीकडचा, दरसाल टोळीबरोबर ऊस तोडायला जातो तो. त्याची पायल दहावीत आहे. गणितात अशी की साधना मॅडम (दहावीच्या वर्गशिक्षिका, कुणाचं कौतुक केलं तर पगार कापतील असा चेहरा) तिची वही स्टाफरूममध्ये आणून दाखवतात. संपत म्हणाला, पायलचा दाखला द्या, कारखान्याकडं गेल्यावर तिकडच्या शाळेत घालतो. अक्का, हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकतोय. दाखला काढलेलं पोरगं इकडच्या पटावरून उतरतं आणि तिकडच्या पटावर कधी चढत नाही. तो कागद पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली जातो आणि लग्नाच्या वेळी वय बघायला बाहेर निघतो. मी आजवर असे दाखले दिले, आणि शिक्का सरळ उमटला की नाही एवढंच बघत आलो. या वेळी मी म्हणालो, लेखी अर्ज लागतो.

दुसऱ्या दिवशी संपतने अर्ज आणला. मी म्हणालो, निळ्या शाईत पाहिजे. निळ्या शाईत आणला. मी म्हणालो, आईचीही सही लागते. केशरबाईचा अंगठा घेऊन आला. मी म्हणालो, अंगठ्याला दोन साक्षीदार. तो दोन साक्षीदार जिवंत घेऊन आला, तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली आणि मी सांगून टाकलं की शाळेचा गोल शिक्का सापडत नाही. बोललो खरा, पण शिक्का समोर टेबलावर. तेवढ्यात मुख्याध्यापकांची पावलं वाजली आणि घाईत तो मी डब्यात लपवला. पुढे विसरलो. दुपारी खिचडीच्या अहवालावर शिक्का हवा म्हणून सगळी शाळा कामाला लागली. मुख्याध्यापकांनी स्वतः कचऱ्याची बादली उपडी केली. आणि जेवायला मी डबा उघडला, तर प्रभावतीच्या भाकरीवर जिल्हा परिषद प्रशाला, स्पष्ट, वाचता येईल असं. एकोणीस वर्षांत इतका सुबक शिक्का मी कागदावर उठवला नव्हता. ती भाकरी मी पुरावा नष्ट करायचा म्हणून खाल्ली. (शाई ठेच्यापेक्षा बरी लागते, हे प्रभावतीला सांगू नकोस.)

मग साधना मॅडमनी सूत्रं हाती घेतली. आमचं दोघांचं आजवर कशावर एकमत झालेलं नाही. पंख्याच्या वेगावरूनही भांडण असतं. पण त्यांनी संपतला सांगितलं की पायलकडे वाचनालयाचं पुस्तक आहे, ते जमा झाल्याशिवाय दाखला निघत नाही. आमचं वाचनालय म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली कुणी पाहिलेली नाही. आता बंद कपाटातलं पुस्तक पोरीकडे गेलं कसं, हे संपतच्या ध्यानात आलं नाही. त्याच गडबडीत मॅडमनी पायलचा बोर्डाचा फॉर्म भरून घेतला, फोटो काढला, सही घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी लगेच पंखा त्यांच्या मनाप्रमाणे केला.

शेवटी संपतने पंचायत समितीत तक्रार केली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. बघ अक्का, काय न्याय आहे. एकोणीस वर्षं अंगच्या आळसाने उशीर केला, कुणी हूं म्हणून विचारलं नाही. एकदा चांगल्या कामासाठी केला तर नोटीस! मुख्याध्यापक घामाघूम झाले. म्हणाले, देऊन टाका हो, तुमची वेतनवाढ जाईल. मी म्हणालो, उत्तराचा मसुदा तयार करतो. तो अजून करतोय.

इथवरचं सगळं मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो आणि लोक हसतात. पुढचं तिथे सांगत नाही.

दिवाळीच्या आधी संपत पुन्हा आला. ओरडला नाही. खाली फरशीवर बसला. म्हणाला, “सर, मी काय तिचा दुश्मन हाये का? पोरगा-सून कोयत्याला, मी न् केशर कोयत्याला. नातू आठ महिन्याचा होईल फडात. त्याला कोण धरील? पारसाली बाजूच्या टोळीतलं लेकरू उसाच्या सरीत निजवलं व्हतं. ट्रॅक्टर मागं आलं. मी सवता गेल्तो उचलायला. आता तुमीच सांगा, दाखला ऱ्हाऊ द्या, पन लेकराला कोण धरील ते सांगा.” माझ्याकडे एकशे एक कारणं तयार होती, निळी शाई, साक्षीदार, सगळी. त्या प्रश्नाला एकही लागू पडेना. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तसाच ठेवून संपत उठला आणि दाखला न घेताच गेला.

भाऊबीजेनंतर टोळी निघाली. ट्रॅक्टर शाळेसमोर थांबला आणि पायल खाली उतरून ऑफिसच्या दारात आली. कडेवर ते लेकरू. म्हणाली, “सर, माजं नाव ऱ्हाईल ना?” मी म्हणालो, राहील. ती म्हणाली, “बराबर?” मी म्हणालो, बराबर. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं, आणि मला रडू आलं, ते इथे लिहून टाकतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून साधना मॅडम रोज संध्याकाळी केशरबाईच्या फोनवर धडे बोलून पाठवतात. पोरगी लेकराला थोपटत ऐकते आणि उत्तरांचे फोटो पाठवते. त्या फोटोंत अर्ध्या पानावर लेकराचा हात असतो. तरी गणितं सुटलेली असतात. हजेरी कमी पडली. खोटी हजेरी मॅडम लावत नाहीत (मी सुचवून पाहिलं, पंखा पुन्हा बंद झाला). तेव्हा हजेरीत सूट मागायचा अर्ज घेऊन मी स्वतः संभाजीनगरला बोर्डात गेलो. खिडकीवर माझ्यासारखाच एक बसला होता. म्हणाला, मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. दुसऱ्या खेपेला म्हणाला, तारीख खाली नको, वर टाका. तिसऱ्या खेपेला जेवायला गेला होता. बसस्थानकावर चप्पल तुटली तेव्हा मला आपल्या गावातल्या यच्चयावत माणसांची आठवण झाली. चौथ्या खेपेला सूट मिळाली. परवा हॉल तिकीट निघालं. मुख्याध्यापकांची सही आहे, माझा शिक्का आहे, या वेळी कागदावर.

परीक्षेला बारा दिवस राहिले. दाजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना तेल लाव. आणि बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर लहानपणापासून सहन करतेस तसंच सहन कर.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. पाकिटात हॉल तिकीट आहे, ते बिलाचा कागद समजून चुलीत घालू नकोस. संपतची टोळी तुमच्या वडीगोद्रीच्याच शिवारात आहे, हमरस्त्याच्या अलीकडे, त्यांच्या राहायच्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या दिसतील. तिथे जाऊन ते पायलच्या हातात दे आणि तिला अंबडच्या बसमध्ये बसवून दे, म्हणजे पुढची सोय मी करतो. परीक्षा होईपर्यंत ती आमच्याकडे राहील. प्रभावतीने खाट रिकामी केली आहे.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलंच. मी संपतला फोन केला. तो म्हणाला, “न्या सर, माझी बिलकुल ना न्हाई. पन लेकरू कोण धरील?” या वेळी मी गप्प बसलो नाही. माझी अक्का धरील, असं सांगून बसलोय. साडेतीन आठवडे, सकाळी फडात जाताना ते तुझ्याकडे सोडतील आणि दिवस मावळायला घेऊन जातील. तुला न विचारता शब्द दिला. तू पत्र वाचत असशील तोवर कदाचित केशरबाई तुझ्या दारात उभी असेल. शिव्या द्यायच्या तर मला दे, तिला चहा दे.

ता. क. शेवटचा. हे तुलाच का सांगितलं, ते लिहावं की नाही हे कळत नव्हतं. संपत पहिल्यांदा आला त्या दिवशी, काहीतरी शोधतोय असं दाखवायला मी ऑफिसच्या कपाटातलं सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं आणि उगीच पानं उलटली. त्यात तू होतीस. इयत्ता पाचवी, प्रगती उत्तम, वर्तणूक उत्तम. शाळा सोडण्याचं कारण: घरी भाऊ लहान आहे. माझी जन्मतारीख मला माहीत आहे. हिशेब केला, मी तेव्हा सात महिन्यांचा होतो. अर्जाची तारीख आणि दाखल्याची तारीख एकच आहे. त्या वेळच्या कारकुनाने आपल्या बापूंना एक चक्करसुद्धा मारायला लावली नाही.