हाकेतले दोन स्वर

शनिवार, ९ नोव्हेंबर, हार्लेम, नेदरलँड्स

सकाळपासून डोक्यात तेच दोन स्वर. गाण्याच्या वर्गात बाई पियानोवर दोन स्वर वाजवतात, त्यांच्यातलं अंतर आम्ही ओळखायचं. ओळखीच्या गाण्याची सुरुवात आठवा, म्हणतात. बाकीचे डच बालगीतांवरून पटापट सांगतात. ती मी ऐकलेलीच नाहीत! आज मात्र मला आईची हाक आठवली. लहानपणी तिसऱ्या मजल्यावरून जेवायला बोलवायची ती. "मी-नूऽऽ!" कोमल गंधारावरून खाली सा. पण वर्गात बोलले नाही. शुद्ध गंधार असला तर? इतक्या वर्षांनी खात्री कशी देणार?

घरी आल्या आल्या आईला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, जेवायला बोलवायचीस तशी हाक मार.

"अगं, समोर तर दिसतेस. हाक कशाला?" आणि मग नुसतंच, सपाट, "मीनू."

छे! चिडून मी कॅमेराच बंद केला आणि गप्प राहिले. तिकडे तिची चुळबुळ. मग एकदम मोठ्यांदा, "मी-नूऽऽ! गेलीस का गं?"

कोमल गंधारच! पुन्हा हाक आली, पुन्हा तोच. मी स्वर गुणगुणून ताडून बघत बसले. ओ द्यायचं राहूनच गेलं, तोवर तिने फोन ठेवला होता.