टँकरच्या रांगेतली हिब्रू

चि. शुद्धोधन, जय भीम.

"उन्हाळ्यात सुनेला आणू नको," म्हणले, तर तू फोनच ठेवून दिलास. तुला वाटलं, मायला इस्रायलची सून पसंत न्हाई. आरे, चाकूरला आठवड्यानं टँकर येतो. तमार दारात आली आन् पाय धुवायला तांब्याभर पाणी न्हाई, हे कोण्या तोंडानं सांगू? म्हणून हे पत्रही टाकणार न्हाई.

सुनेचं स्वागत करायला तू शिकवलेली तिची हिब्रू मी टँकरच्या रांगेत घोकली. आता टँकर दिसला की साऱ्या बाया वरडतात, "ब्रुखा हाबाआ!" म्हंजे, 'ये बाई, तुझं स्वागत हाय!' डायवर हसून हॉर्न वाजवतो. जिच्यासाठी शिकले, तिनंच तेवढं ऐकलं न्हाई.

तुझी माय,
आन् तमारची सासू,
सरजाबाई